काटकसर कोणाच्या ताटातून?

(कन्हान येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मला विषय दिला आहे, ‘घरखर्चात बचत कशी करावी?’ खरं तर या विषयावर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा तुमचा जास्त आहे. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी गेलं की भाजी स्वस्त पडते, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. उरलेल्या भाताला फोडणी द्यायची, जुन्या लुगड्याची गोधडी शिवायची, उन्हाळ्यात वर्षाच्या कुरडया-वड्या करून ठेवायच्या, पावसाळ्यात तरोट्याची भाजी खुडून आणायची, हे सगळं आपल्या आया-आज्यांनी केलं आणि आपणही करतो. म्हणून मी आज गॅस कसा वाचवावा आणि साबण कसा पुरवावा याची यादी वाचणार नाही. मला त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायचा आहे. घरात जी काटकसर होते, ती नेमकी कोणाच्या वाट्यातून होते?

मी समाजकार्याचं शिक्षण घेत होते तेव्हा ‘कुटुंबाचं अंदाजपत्रक’ असा एक धडा होता. वर उत्पन्न लिहायचं, खाली खर्च लिहायचा, आणि उरेल ती बचत. कागदावर ते फार सोपं दिसायचं. पुढे वस्त्यांमध्ये कामाला लागले तेव्हा दिसलं की घर म्हणजे एक खिसा नसतो. त्याचा खिसा वेगळा असतो, सासूबाईंचा बटवा वेगळा असतो, आणि बाईकडे असतो तो फक्त डबा, तांदळाचा किंवा डाळीचा. घराचा पैसा कमी पडला की पहिली कात्री त्या डब्याला लागते.

एका गटात मी विचारलं, “महिनाअखेरीला पैसे संपले की तुम्ही काय कमी करता?” उत्तरं भराभर आली. दूध कमी करतो, डाळ पातळ करतो, भाजी एकच करतो. मग मी विचारलं, “कोणाचं दूध कमी करता?” तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. शेवटी एक ताई म्हणाली, “लेकराचं कसं कमी करू जी? अन् त्यांना तर कामावर जायचं असते. मंग राहिलं कोण?”

राहिलं कोण, याचं उत्तर सरकारी आकड्यांत सापडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. याची कारणं अनेक आहेत, पण सगळ्यांत शेवटी जेवणं आणि उरलंसुरलं खाणं हे त्यातलं एक आहेच. त्याला आपण संसार राखणं म्हणतो, कौतुक करतो. मी त्याला बचत म्हणायला तयार नाही. बाईच्या रक्तातून काढलेला पैसा पुढे दवाखान्यात, बाळंतपणात, थकव्यामुळे बुडालेल्या मजुरीत दामदुपटीने जातो.

अशा खोट्या बचती आणखी आहेत. आपल्या या कोळशाच्या पट्ट्यात गॅस असूनही शेगडी पेटवणारी घरं आहेत. सिलिंडर पुरवायचा म्हणून चहापुरता गॅस आणि बाकी सगळं शेगडीवर. तो धूर कोणाच्या छातीत जातो? आणि थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर तिच्या विषारी वायूने झोपेतच माणसं दगावतात. त्या वायूला ना रंग, ना वास. एवढी गोष्ट तरी घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा. दुसरी खोटी बचत म्हणजे मुलीची शाळा. मुलाच्या शिकवणीचे पैसे द्यायचे म्हणून मुलीला दहावीनंतर घरी बसवायचं. आणि तिसरी, बाईचं औषध अर्ध्यावर सोडणं. “आता बरं वाटते” असं म्हणून उरलेल्या गोळ्या आणायच्याच नाहीत.

तेव्हा बचतीची पहिली सवय माझ्या मते ही आहे. कात्री लावण्याआधी पाहायचं, ती कोणावर चालते आहे. ताट, औषध आणि शाळा या तीन गोष्टींना हात लावायचा नाही. बाकी सगळं तपासायचं.

तपासायचं कसं? तर लिहून. हिशेबाची वही ही श्रीमंतांची चैन आहे असं आपल्याला वाटतं. “येतेच किती, की लिहून ठेवू?” पण ज्याच्याकडे थोडं असतं त्यालाच ते कुठे गेलं हे कळण्याची गरज जास्त असते. दहा रुपयांची साधी वही घ्या. पानावर चार रकाने पाडा. पहिल्यात आलेला पैसा, दुसऱ्यात घरासाठी गेलेला, तिसऱ्यात एकेका माणसाने स्वतःसाठी खर्च केलेला, आणि चौथ्यात उधारी आणि व्याज. रोज रात्री पाच मिनिटं पुरतात. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, मुलालाही सांगा. मुलाला घराचा हिशेब लिहायला लावणं हे चांगलं शिक्षण आहे. शाळेत ते मिळत नाही.

लिहिता येत नाही म्हणून हिशेब येत नाही, असं मात्र कोणी म्हणू नका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगते. तिथे चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, आम्ही यंत्राशिवाय तोंडी सोडवून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याजाचं गणित बाईला येतं. तिला विचारत कोणी नाही, एवढंच.

आता वहीत काय सापडतं ते पाहू. आपलं कन्हान म्हणजे एका गावात चार गावं आहेत. खाणीत कायम नोकरी असलेल्याच्या घरी महिन्याचा पगार येतो. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याच्या घरी पैसा कधी येईल याचा भरवसा नसतो. कोणी रोज नागपूरला कामाला जातात, कोणी शेतात मजुरीला. प्रत्येक घराची वही वेगळी, पण गळतीच्या जागा बहुतेक सारख्याच निघतात.

पहिली गळती तिसऱ्या रकान्यात असते. समजा खर्रा वीस रुपयांना आहे आणि घरातला माणूस दिवसाला तीन खातो. रोजचे साठ झाले. महिन्याचे अठराशे. वर्षाचे एकवीस हजार सहाशे. त्यात दारू धरलेली नाही. पुढे तोंडाच्या आजाराचा खर्च होईल तोही धरलेला नाही. हे आकडे भांडताना कामी येत नाहीत, पण वहीत लिहिलेले असले तर कामी येतात. भांडणात बाई म्हणते, “तुम्ही सगळा पैसा उडवता,” आणि तो म्हणतो, “मी कमावतो.” वही फक्त सांगते, या महिन्यात डाळीला इतके, खर्ऱ्याला इतके. आणि हो, आपल्यातल्या ज्या बाया खर्रा खातात, तंबाखू घासतात, त्यांनी आपलाही रकाना लिहायचा. नियम सगळ्यांना सारखा.

दुसरी गळती उधारीची आणि पुडीची. हातात एकदम पैसा नसतो म्हणून आपण तेल, साखर, चहापत्ती रोज पुडीने आणतो. किराणा दुकानदार वहीवर देतो, म्हणून भाव विचारायची सोय राहत नाही. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी. यावर उपाय एकटीने होत नाही, दहा जणींनी होतो. गटातल्या दहा बायांनी महिन्याचं तेल आणि डाळ मिळून ठोक भावाने आणायची आणि घरी वजनाने वाटून घ्यायची. गहू-तांदूळ हंगामात वर्षाचा भरून ठेवायची पद्धत आपल्या विदर्भात होतीच. एकेका घराला ते जमत नसेल तर गटाच्या कर्जातून जमतं. आणि दुकानातून काहीही घेताना पुडीवरचं वजन आणि छापील किंमत वाचायची सवय ठेवा. मोठी पुडी नेहमीच स्वस्त असते असंही नाही. भागाकार करून पाहायचा.

तिसरी गळती सगळ्यांत मोठी, व्याजाची. सावकाराचं ‘शेकडा पाच’ ऐकायला बारीक वाटतं. पण ते महिन्याचं असतं. दहा हजार घेतले तर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल तसंच उभं. तेच दहा हजार बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज दोनशे. मुद्दल फिटेल तसं तेही कमी होतं, आणि ते व्याज गटातच राहतं, म्हणजे आपल्याच पेटीत परत येतं.

आजकाल दारात येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्याही आहेत. पाच-दहा बायांना एकत्र बसवून, एकमेकींना जामीन ठेवून कर्ज देतात. त्यांचा हप्ता आणि आपला गट यांत गल्लत करू नका. गटात आपली बचत आधी आणि कर्ज नंतर असतं. तिथे कर्जच आधी असतं. कोणी ‘सरसकट बारा टक्के’ म्हणालं तर नीट विचारा, व्याज कशावर लावता? पूर्ण वर्षभर मूळ रकमेवरच लावत असतील, आणि मुद्दल मात्र आपण दर महिन्याला फेडत असू, तर ते बारा टक्के प्रत्यक्षात एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं विनातारण कर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करायचा नाही, धमकी आणि शिवीगाळ तर मुळीच नाही. एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज काढायची वेळ आली, तर त्याच दिवशी गटात बोला. लाज धरून बसू नका. लाजेवर व्याज सगळ्यांत जास्त चढतं.

चौथी गोष्ट गळतीची नाही, हक्काची आहे. आपलं जे आहे ते आपण घेत नाही, हाही तोटाच. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यात शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव असतं. प्राधान्य गटातल्या घराला माणशी पाच किलो आणि अंत्योदय घराला पस्तीस किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलं, लेकराचं चढवलंच नाही, तर दर महिन्याला तेवढं धान्य जातं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. नागपूरच्या दवाखान्यात जाताना लक्षात ठेवा. डॉक्टरांना विचारा की हेच औषध जन औषधी केंद्रात मिळेल का. मोठ्या आजारात कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. असा एकेक प्रश्न विचारल्याने जेवढं वाचतं, तेवढं वर्षभर साबण पुरवून वाचत नाही.

आता वाचलेला पैसा ठेवायचा कुठे? आपली जुनी जागा म्हणजे तांदळाचा डबा. ती जागा बाईने हौसेने निवडलेली नाही. तो पैसा कोणाच्या नजरेला पडला तर आपला राहणार नाही, या भीतीने निवडलेली आहे. पण डब्यातल्या नोटा वाढत नाहीत, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा कित्येक बायांना आयुष्यभराची लपवलेली पुंजी एका रात्रीत घरच्यांसमोर काढून ठेवावी लागली. म्हणून खातं हवं, आणि ते स्वतःच्या एकटीच्या नावाने हवं. पासबुक आपल्या जवळ हवं. एटीएमचा आकडा नवऱ्याला, मुलाला, भावाला, कोणालाही सांगायचा नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा दीड हजार रुपयांसाठी पुष्कळ बायांची खाती निघाली. चांगलं झालं. पण खातं तिचं आणि कार्ड त्याच्या खिशात, असं असेल तर तो पैसा नावापुरताच तिचा.

पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. बँकेतल्या ठेवीला एका माणसामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पण ओळखीतल्याच कोणी येऊन म्हटलं, “ताई, दोन वर्षांत दुप्पट,” तर त्याला एवढंच विचारा, परवानगी कोणाची आहे ते लेखी दाखव. बिनपरवान्याच्या ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. गुन्हा नोंदवता येतो, पण बुडालेला पैसा परत मिळायला वर्षं जातात. जवळच्या पाच-दहा जणींची भिशी वेगळी. ती विश्वासावर चालते. तरी तिचीही वही ठेवा आणि दर वेळी सह्या-अंगठे घ्या.

काही जणी म्हणतील, “ताई, माझ्या खात्यात पैसा आहे हे कळलं तर घरात मार पडेल.” ही भीती खरी आहे, म्हणून कायदाही सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. घरखर्चाला पैसे न देणं, बाईची कमाई काढून घेणं, तिचं स्त्रीधन विकणं, हे सगळं त्यात येतं. स्त्रीधनावर बाईची एकटीची मालकी आहे, सासरी ते फक्त सांभाळायला दिलेलं असतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच दिला आहे. कायद्याने मार थांबतोच असं नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाठीशी गट असला की पोलीस ठाण्याची पायरी एकटीला चढावी लागत नाही. बचत गटाचा हा फायदा पासबुकात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

आणि बाई “काही कमवत नाही” असं जे म्हणतात, त्यांच्यासाठी एक आकडा. सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त आणि दीड तासाच्याही आत. हे काम विकत घ्यायचं म्हटलं तर कोणत्या पगारात बसेल? वहीच्या पहिल्या रकान्यात, आलेल्या पैशाच्या खाली, ही मिनिटंही लिहा. त्याने पैसा वाढणार नाही, पण पान खरं होईल.

शेवटी एक गोष्ट सांगितली नाही तर हे भाषण अर्धवट राहील. काटकसरीला तळ असतो. एका मर्यादेनंतर घरात काढण्यासारखं काही उरत नाही, कारण गळती घराबाहेर असते. १९७२ च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा मुंबईच्या बायकांनी आपल्या स्वयंपाकघरात आणखी काटकसर केली नाही. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. आपल्या नदीपलीकडचं उदाहरण तर त्याहून जुनं आहे. कामठीचे बाबू हरदास १९०४ साली जन्मले आणि १९३९ साली, ऐन तारुण्यात गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी विडी कामगारांना संघटित केलं, ठेकेदाराच्या पिळवणुकीतून सुटायला सहकारी तत्त्वावर विडीचं काम उभं केलं. दिवसभर वळलेल्या विड्यांतून ठेकेदार ‘छाट’ म्हणून पुडा बाजूला काढतो आणि त्याची मजुरी देत नाही, तेव्हा त्या घरची बाई मीठ-मिरचीत कितीही काटकसर करो, तो पुडा भरून निघत नाही. तो मागूनच घ्यावा लागतो. ठेकेदाराने कापलेली मजुरी, थकवलेला पगार, दिली नाही ती पगाराची पावती, हेही वहीत लिहा. मागायला जाल तेव्हा तारखा आणि आकडे हातात असतील.

म्हणून पुढच्या महिन्यापासून एवढंच करू. एक, रोज रात्री पाच मिनिटं वही. दोन, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, म्हणजे भांड्यात काय आहे ते सगळ्यांना दिसेल आणि कमी असेल तर सगळ्यांचंच कमी होईल. तीन, गटातर्फे तेल आणि डाळ मिळून आणायची. चार, स्वतःच्या नावाचं खातं आणि पासबुक आपल्या पिशवीत. पाच, गटाच्या बैठकीत पैशाच्या जमाखर्चाबरोबर एक प्रश्न रोज विचारायचा, “या महिन्यात कोणी काय कमी खाल्लं?”

तीन महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा वह्या घेऊन या. आकडे थोडे असले तरी चालतील, खरे असले म्हणजे झालं.